पाच माणसांचं जेवण: बाहेर कुठे परवडेल, घरी काय सोपं पडेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात पाच माणसं. तुम्ही दोघं नोकरी करणारे, मुलं नऊ आणि चार वर्षांची, सासरे रक्तदाबाची गोळी घेणारे. आठवड्यातून दोनदा तरी बाहेर जाणं किंवा मागवणं होतं. दर वेळी बिल बघून पोटात गोळा येतो, आणि तरीही बरंचसं जेवण ताटात उरतं. स्वस्त आणि बरी जागा शोधायची कशी, आणि घरी झटपट होईल नि सगळे खातील असं काय करावं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं एका मोठ्या कॅन्टीनची खरेदी आणि स्वयंपाकघर सांभाळलं, पुढे स्वतःचं छोटं हॉटेल चालवलं, आणि आता कुटुंबांना नि वसतिगृहांना जेवणाचं नियोजन करून देते. हा हिशेब मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, त्यातून सांगते.

तुम्ही जागेबद्दल विचारलंत, पण तुमच्या लिहिण्यात मला अडचण वेळेची दिसली. दोन्ही दिवशी बाहेर जायचं ठरलं ते संध्याकाळी साडेसातनंतर. तुम्ही दोघं दमून आलेले, धाकटा रडकुंडीला आलेला, आणि फ्रिज उघडून बघायचंही कुणात त्राण नाही. अशा वेळी माणूस जागा निवडत नसतो, जी पहिली दिसेल तिथे शिरतो आणि भुकेच्या भरात मागवत सुटतो. मी तुम्हाला दहा स्वस्त जागांची यादी दिली तरी साडेसात वाजता तुम्ही त्याच कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाल. जागा शोधणं हे पोट भरलेलं असताना, सवडीने करायचं काम आहे. घरच्या जेवणाचंही तसंच. काय करायचं हे सात वाजता ठरवायला घेतलं की उत्तर बहुतेक वेळा ‘मागवूया’ हेच येतं.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. चालत जाण्याच्या अंतरावर खाण्याच्या जागा आहेत की गाडी काढावी लागते, घरात काय चालतं नि काय वर्ज्य आहे, फ्रीझर केवढा आहे, सुट्टीच्या दिवशी तासभर स्वयंपाकाला देणारं कुणी आहे का. गाडी काढावी लागत असेल तर येण्याजाण्याचा खर्च बिलात धरा. दूरची स्वस्त जागा अनेकदा तिथेच महाग पडते.

आता हॉटेलातल्या पदार्थाची किंमत कशी बनते ते बघू, कारण ते एकदा कळलं की जागा तुमची तुम्हालाच ओळखता येते. साधारणपणे किमतीच्या २५ ते ३५ टक्के रक्कम कच्च्या मालावर जाते. उरलेल्या पैशांतून भाडं, पगार, गॅस-वीज, वाया जाणारा माल भागतो आणि शेवटी नफा उरतो. म्हणजे तुम्ही जे देता त्यातला मोठा हिस्सा अन्नाचा नसतोच. ज्या जागेचं भाडं कमी, माणसं मोजकी आणि माल वाया जात नाही, ती तेच अन्न कमी पैशात देऊ शकते आणि तरी तिचं भागतं. यातलं काहीच दिसत नाही आणि तरी दर फारच कमी आहेत, अशा ठिकाणी काटकसर नेमकी कुठे केली असेल, याचा मी आधी विचार करते. बहुधा ती तेलात किंवा मालाच्या ताजेपणात झालेली असते.

माल वाया जाणं हा यातला गिऱ्हाइकाला बाहेरून दिसणारा भाग. मेनूत शंभर पदार्थ ठेवायचे तर शंभर पदार्थांची तयारी रोज हाताशी लागते, आणि त्यातली बरीच खपत नाही. न खपलेली फेकली तर तिचा भार तुमच्या बिलावर येतो, आणि ठेवली तर ती पुढचे काही दिवस चालवली जाते. म्हणून मी आधी मेनूची लांबी बघते. दहा-पंधरा पदार्थ असलेली, आणि दुपारी दोननंतर त्यातले दोन-तीन ‘संपले’ म्हणून सांगणारी जागा मला विश्वासाची वाटते. संपला म्हणजे तो अंदाजाने, आजच्यापुरता केलेला होता. उलट रात्री साडेदहालाही जिथे शंभरच्या शंभर पदार्थ मिळतात तिथे मी मुलांना नेत नाही.

दुसरी गोष्ट मेनूच्या मांडणीची. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी मेनूतले पदार्थ चार गटांत वाटायची पद्धत मांडली, आणि ती हॉटेलव्यवसायात आजही शिकवली जाते. बघायचं ते दोनच बाजूंनी: पदार्थ किती खपतो, आणि एका ताटामागे मालकाला किती सुटतं. जो भरपूर खपतो आणि भरपूर मिळवूनही देतो त्याला त्यांनी तारा म्हटलं. जो भरपूर खपतो पण ज्यात फारसं सुटत नाही, तो नांगराला जुंपलेला घोडा. मालकाला या दुसऱ्या गटाचं काय करावं कळत नाही. काढून टाकला तर रोजचं गिऱ्हाईक तुटतं, भाव वाढवला तर ओरड होते. तुमच्या-माझ्यासारख्या कुटुंबाने मागवायचा तो नेमका हाच पदार्थ. त्यात मालाचा वाटा जास्त असतो, खप जास्त म्हणून तो ताजा असतो, आणि रोज करून करून आचाऱ्याचा हात त्यावर बसलेला असतो.

तो ओळखायचा कसा? आजूबाजूच्या टेबलांकडे बघा. रोज येणारी माणसं, विशेषतः दुपारी एकटी येऊन पंधरा मिनिटांत जेवून जाणारी, मेनू न उघडता जे मागवतात ते बहुधा तेच असतं. मेनूत त्याला रंगीत चौकट नसते, मोठा फोटो नसतो, आणि वेटर तो आपणहून सुचवत नाही. चौकटीत जे असतं ते मालकाला जास्त मिळवून देणारं असण्याची शक्यता मोठी. यात फसवणूक काही नाही, कुणीही आपला चांगला माल पुढे मांडतो. पण हात आखडता असेल तेव्हा मेनूचा चौकटीबाहेरचा भाग सावकाश वाचावा.

जागा शोधायला एक सुट्टीची दुपार द्या. घरापासून पायी किंवा थोडक्या वेळात जाता येईल एवढाच परिसर धरा. जेवणाच्या ऐन वेळेला फेरी मारा आणि कुठे कामावरची माणसं जेवतात ते बघा. ज्यांना रोज बाहेर जेवावं लागतं त्यांनी दर आणि पोट यांचा मेळ आधीच घालून ठेवलेला असतो. टेबलं किती वेळाने रिकामी होतात, उठलेल्या ताटांत काय उरलंय, हात धुवायच्या जागी साबण आहे का, हे उभ्या उभ्या दिसतं. परत येणाऱ्या ताटांवर माझा सगळ्यात जास्त भर. कॅन्टीनमध्ये मी रोज धुण्याच्या खिडकीशी काही वेळ उभी राहायचे. तिथे कुठला पदार्थ बिघडलाय आणि कुठला जास्त वाढला जातोय ते तक्रारवहीपेक्षा आधी कळायचं.

लोकांचे ऑनलाइन शेरे वाचायला हरकत नाही, पण मी पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवते. तीन तारे देणारा माणूस सहसा नीट लिहितो: चव बरी, ताट लहान, वेळ फार लागला. गेल्या काही महिन्यांतलेच शेरे धरा, कारण आचारी बदलला की हॉटेल बदलतं. हॉटेलने स्वतः टाकलेले फोटो सोडून गिऱ्हाइकांनी काढलेले बघा. त्यात चमचा किंवा कुणाचा हात शेजारी आलेला असतो, त्यावरून ताट केवढं आहे त्याचा अंदाज येतो. कुणी मेनूचा फोटो टाकला असेल तर तो कधीचा आहे तेही बघा. दर वाढलेले असतात आणि मग तिथे जाऊन हिरमोड होतो.

एवढ्यातून तीन नावं काढा, जास्त नकोत. एक अगदी जवळचं, जिथे बसल्यावर दहा मिनिटांत ताट समोर येतं. चार वर्षांच्या मुलासाठी हाच सगळ्यात मोठा गुण. दुसरं, जिथून जाता जाता पार्सल उचलता येईल. तिसरं जरा निवांत बसायचं, महिन्यातून एखाद्या वेळचं. तिन्हींचे फोन नंबर, साप्ताहिक सुट्टी आणि तिथे काय मागवायचं ते एका कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावा. काय मागवायचं हेही आधीच लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर भुकेल्या पोटी मेनू पुन्हा पहिल्यापासून वाचला जातो.

आता तुम्ही लिहिलेलं बिल घेऊ: पाच मुख्य पदार्थ, दोन स्टार्टर, चार शीतपेयं, दोन आइस्क्रीम. तेरा ओळींपैकी जेवण फक्त पाच ओळींत आहे. पेयांमध्ये मालाचा खर्च किमतीच्या मानाने फार कमी असतो, म्हणून बसल्या बसल्या पहिला प्रश्न ‘पिण्यासाठी काय?’ हाच येतो. स्टार्टर मागवले जातात ते भुकेच्या पहिल्या दहा मिनिटांत. मुलं त्यावरच पोट भरतात आणि खरं जेवण येतं तेव्हा खेळायला लागतात. तुमच्या धाकट्याचं ताट जवळजवळ न शिवता परत गेलं त्याचं कारण हेच असावं, पदार्थ त्याला आवडला नाही असं नाही. निघण्याआधी घरीच त्याला एखादं फळ द्या. त्याने रडणं थांबतं, आणि जेवणाची वाट बघायला जीव राहतो.

मागवायची माझी रीत अशी: पाच माणसांना आधी तीन मुख्य पदार्थ आणि सोबत भात किंवा पाव जे असेल ते. सगळं मध्ये ठेवायचं आणि वाढून घ्यायचं. संपत आलं की चौथा मागवायचा. पोट भरल्याची जाणीव व्हायला थोडा वेळ लागतो, साधारण २० मिनिटं धरतात, आणि दोन टप्प्यांत मागवलं की तो वेळ आपोआप मिळतो. चौथा मागवायची वेळ बऱ्याचदा येतच नाही. ताट मोठं असलं की माणूस भूक नसतानाही जास्त खातो, हे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स यांच्या प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. म्हणून मुलांसाठी वेगळं पूर्ण ताट घेण्यापेक्षा रिकामी ताटली मागा. अर्धं ताट मिळतं का ते विचारायला संकोच करू नका. मेनूत लिहिलेलं नसतं, पण अनेक लहान जागा देतात.

कॉम्बो फायद्याचं तेव्हाच, जेव्हा त्यातली प्रत्येक वस्तू तुम्ही एरवीही मागवली असती. चार वर्षांचं मूल आणि कमी जेवणारे सासरे असताना ‘हवं तेवढं खा’ प्रकारात तुम्ही त्या दोघांच्या नसलेल्या भुकेचे पैसे फुकट देता, तिथे लहान मुलांना दर नसेल तरच जा. आणि जमेल तेव्हा रात्रीऐवजी दुपारी जा. दुपारचं ठरलेलं ताट बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या त्याच पदार्थांपेक्षा स्वस्त असतं, कारण दुपारी टेबलं भराभर रिकामी व्हावीत यात मालकाचंही हित असतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाहेर आणि रात्री घरी हलकं काहीतरी, असं केलंत तर मुलांची झोपही सांभाळली जाते.

स्वस्ताच्या मागे लागताना एका गोष्टीत तडजोड करू नका. घरात लहान मूल आणि वयस्कर माणूस आहे, आणि दूषित अन्नाचा त्रास या दोघांना जास्त होतो. जंतू झपाट्याने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात. म्हणून काउंटरवर कोमट होऊन पडलेल्या तयार पदार्थापेक्षा डोळ्यांसमोर गरम केलेला, वाफाळता साधा पदार्थ केव्हाही बरा. चिरून उघडी ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर आणि बर्फ, हे पाण्याची खात्री असेल तिथेच घ्या. पाणी घरून न्या, त्याने बिलातली एक ओळही कमी होते.

घरपोच मागवण्याबद्दल थोडक्यात. अ‍ॅपवाल्या कंपन्या हॉटेलकडून ऑर्डरमागे कमिशन घेतात, सर्वसाधारणपणे १५ ते ३० टक्के. ते भरून काढायला बरीच हॉटेलं अ‍ॅपवरचे दर चढे ठेवतात. त्यावर पोचवण्याचे आणि डब्यांचे पैसे वेगळे लागतात. तेच जेवण फोन करून सांगायचं आणि कामावरून येताना स्वतः उचलायचं, हा तुमच्यासारख्या घराला सगळ्यात सोयीचा मार्ग. भात आणि पाव घरचा ठेवून फक्त मुख्य पदार्थ आणलेत तर खर्च आणखी उतरतो.

आता घरचं जेवण. इथे ‘आज नवीन काय’ हा प्रश्नच मुळात काढून टाका. शेकडो माणसं जेवणाऱ्या स्वयंपाकघरातही रोज नवं काही शोधत नाहीत. फिरता मेनू असतो, दोन-तीन आठवड्यांचा, आणि तो संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे खरेदी ठरते, हात बसतो आणि वाया जाणं कमी होतं. तुमच्या घरी दहा-बारा पदार्थ नक्की असतील जे पाचांपैकी चौघं तरी खातात. ते लिहून काढा आणि दोन आठवड्यांत पसरा. आठवड्यातला एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवा, त्या दिवशी फ्रिजमध्ये उरलेलं संपवायचं. मुलं कंटाळतील ही भीती मोठ्या माणसांनाच जास्त असते. मुलांना ओळखीचं आवडतं.

तुमच्या घरासाठी सगळ्यात उपयोगी पडेल ते सुटं वाढायचं जेवण. म्हणजे एकच मोठा, सगळं मिसळलेला पदार्थ न करता पाया वेगळा, प्रथिनं वेगळी, भाजी वेगळी आणि तोंडी लावायला काहीतरी आंबट किंवा कुरकुरीत. पाया म्हणजे भात, उकडलेले बटाटे, पाव, पास्ता, जे त्या दिवशी असेल ते. त्यावर शिजवलेलं कडधान्य किंवा अंडी. एक परतलेली भाजी. शेजारी लिंबू, दही, चिरलेला कांदा-काकडी आणि तिखटाची वाटी. सगळं टेबलावर मांडायचं आणि ज्याने त्याने आपलं ताट रचून घ्यायचं. सासऱ्यांच्या वाट्याला मीठ-तिखट कमी जातं, धाकटा बटाटा आणि अंड्यावर भागवतो, थोरला सगळं एकावर एक रचून खातो, आणि तुम्हाला तीन वेगळे स्वयंपाक करावे लागत नाहीत. स्वयंपाकघरातलं काम तेवढंच राहतं, कुरकुर मात्र बरीच कमी होते.

अंदाज चुकतो म्हणून प्रमाण देते. मोठ्या माणसाला एका वेळी ६० ते ७५ ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो, आणि शिजल्यावर तो वजनाने साधारण तिप्पट होतो. कोरडी कडधान्यं शिजून अडीच पट होतात, आणि १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. प्रथिनांचा इतका स्वस्त आणि टिकाऊ स्रोत दुसरा नाही. सुट्टीच्या दिवशी अर्धा किलो भिजवून एकदम शिजवा. सव्वा किलोच्या आसपास होईल. निम्मं त्या दोन-तीन दिवसांत वापरा, उरलेलं एका जेवणापुरत्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाका. राजमा असेल तर एक काळजी घ्या: किमान पाच तास भिजवून ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळू द्या. त्यात नैसर्गिकपणे एक विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेवर जात नाही. भिजवलेला राजमा थेट मंद आचेच्या विजेच्या भांड्यात लावणं म्हणूनच धोक्याचं.

बाकीचे प्रकार भराभर सांगते, ते तुम्हाला सुचतीलच. एका भांड्यातलं जेवण, म्हणजे तांदूळ, डाळ आणि हाताला लागतील त्या भाज्या एकत्र शिजवणं. दाट सूप आणि पाव. नाश्त्याचा पदार्थ रात्री, सोबत एक फळ. भाज्या घालून अंड्याचं जाड ऑम्लेट, त्रिकोणी तुकडे करून. आठवड्यातून एकदा हे रात्रीचं जेवण चालतं, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. एक धान्य, एक प्रथिन आणि एक भाजी किंवा फळ आलं की ते जेवण पुरं झालं, मग त्याला २० मिनिटं लागली असोत की दोन तास.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अडीअडचणीचा खण. कपाटाचा एक खण अशा एका जेवणाच्या सामानासाठी राखून ठेवा, जे दमलेला माणूस २० मिनिटांत करू शकेल आणि ज्याला फ्रिजमधलं ताजं काहीच लागत नाही. तांदूळ किंवा पास्ता, लवकर शिजणारी मसुरीसारखी डाळ, टोमॅटोचा डबा, कांदे, फ्रीझरमध्ये मटार. कृती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा, प्रमाणासकट, म्हणजे घरात जो आधी येईल तो सुरुवात करू शकेल. थोरला नऊ वर्षांचा आहे, कांदा सोलणं आणि डाळ धुणं त्याला जमतं. खण वापरला की पुढच्या खरेदीत तो पहिला भरायचा. मी ज्या घरांचं नियोजन करते तिथे मागवण्याचा खर्च उतरतो तो बहुतेक या खणामुळे. कारण साडेसातच्या त्या घडीला ‘मागवूया’ याला दुसरं तयार उत्तर घरात असतं.

उरलेल्या अन्नाचे नियम मोजके आहेत, पण ते पाळाच. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा. खोल पातेल्यात भात तासन्‌तास आतून गरम राहतो, म्हणून तो पसरट भांड्यात काढून निववा. भाताबद्दल मी विशेष सांगते, कारण तो निरुपद्रवी समजला जातो. त्यात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते उकळल्यानेही मरत नाहीत. भात बाहेर कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रीचा भात रात्रीच फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा, आणि पुन्हा गरम करायचा तो एकदाच, आतपर्यंत वाफाळेल इतका. बाहेरून आणलेल्या पार्सललाही हाच नियम.

मुलांच्या खाण्यापिण्याच्या कटकटीसाठी एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी सांगितलेली कामाची वाटणी मला फार उपयोगी पडली आहे. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. टेबलावर मुलाच्या ओळखीचा एक तरी पदार्थ असेल एवढं बघायचं, आणि मग ‘एक घास तरी’ म्हणून मागे लागायचं नाही. नवी भाजी मूल पहिल्या फेरीत खाईल अशी अपेक्षा नको, आठ-दहा किंवा त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते. म्हणून ती थोडीशीच करा आणि बाजूला ठेवा. सुट्या वाढण्याच्या जेवणात हे सहज जमतं. हॉटेलातही हाच नियम चालवा: नवं चाखायचं ते मोठ्यांच्या ताटातून, त्याच्यासाठी वेगळं मागवून नाही.

राहिले सासरे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात पाव, लोणचं, सॉस, पाकिटातलं खाणं सगळं आलं. बाहेरच्या जेवणात मीठ सढळ असतं, विशेषतः रस्से, सूप आणि आधीच मुरवून ठेवलेल्या पदार्थांत. तिथे त्यांच्यासाठी भाजलेलं किंवा वाफवलेलं काही घ्या, सॉस वेगळा मागा आणि मीठ कमी घालायला ऑर्डर देतानाच सांगा. आयत्या वेळी केला जाणारा पदार्थ असेल तरच ते शक्य होतं. सकाळपासून शिजत असलेल्या रश्श्यात आचारी काहीच करू शकत नाही. घरी मीठ शेवटी आणि कमी घाला, वर लिंबू पिळा. आंबट चवीने अळणीपणा बराच झाकला जातो.

सुरुवात सगळीकडून एकदम करू नका. या आठवड्यात फक्त खण भरा आणि फ्रिजवर तीन हॉटेलांचा कागद लावा, फिरता मेनू पुढच्या आठवड्यात. तुमच्या घरी चालणारे दहा पदार्थ आणि सासऱ्यांना डॉक्टरांनी मिठाशिवाय आणखी काही पथ्य सांगितलं असेल तर ते इथेच लिहा. त्यावरून दोन आठवड्यांची मांडणी आणि खरेदीची यादी करून देते.